अक्षत परत घेताना

गिरगावातल्या सातभाईंच्या वाडीत कोणाकडे लग्न निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सगळ्यांचे मानपान सांभाळा बुवा, नाहीतर त्या शामरावांसारखं व्हायचं. सख्ख्या भाचीच्या लग्नात दार लावून रुसून बसले." शामराव वेलणकर हे वाक्य तीन वर्षं ऐकत आले आहेत. पहिल्या वर्षी ते भांडले, दुसऱ्या वर्षी शांतपणे समजावून पाहिलं, आणि आता नुसता कपाळाला हात लावतात. वाडीची एकदा समजूत झाली की झाली.

शामराव गोदीच्या कचेरीत जावक कारकून. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हाताखालून जायचं, आणि तीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं नाही, असं ते स्वतःच सांगायचे. या गुणामुळे वाडीने त्यांच्या गळ्यात एक काम मारलं होतं. लग्नमुंज कोणाचीही असो, घरोघर अक्षत द्यायला शामराव. कुठे घरटी एक माणूस, कुठे सहकुटुंब आणि कुठे चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. यात एक चूक झाली की दोन पिढ्यांचा अबोला ठरलेला.

सत्तावन्न साली त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. बहीण ललिता वाडीतच, चौकापलीकडच्या समोरच्या चाळीत राहायची. मुलगी मीनाक्षी, जावई दादरचा माधव. जूनमधला रविवारचा मुहूर्त. माधवला भिलईच्या कारखान्यात नोकरी लागलेली, आठवड्याने रुजू व्हायचं, त्यामुळे तारीख हलवण्याची सोय नव्हती. लग्नपत्रिका छापून आल्या तेव्हा कळलं की छापखान्याने सगळी नावं छापली, फक्त मामाचं गाळलं. ललिताचा नवरा जयवंतराव मवाळ माणूस, तो कळवळून माफी मागायला आला. शामराव हसले. म्हणाले, जावक खात्यातला माणूस, नाव पाकिटाच्या आत नसतंच कधी. आणि त्याच पत्रिका घेऊन त्यांनी मे महिन्यात ऐंशी घरी अक्षत दिली.

मग तो फ्लू आला. मेअखेर मुंबईत घराघरात माणसं आडवी झाली. कचेरीत निम्म्या खुर्च्या रिकाम्या, गिरण्यांत माग चालवायला माणूस नाही, दवाखान्यापुढे सकाळपासून रांग. बहुतेक जण चार दिवस तापाने फणफणून पाचव्या दिवशी ऑफिसला लागत. पण ललिताची गोष्ट वेगळी होती. तिला क्षय झाला होता, दोन वर्षं मिरजेच्या क्षयाच्या इस्पितळात काढून ती परत आली ती एका फुप्फुसावर. नाक्यावरच्या डॉक्टरांनी शामरावांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की या बाईला हा ताप आला तर ती वाचेल असं मी सांगणार नाही, आणि तुम्ही तीनशे माणसं तिच्या अंगावर आणताय.

शामरावांनी त्या संध्याकाळी बसून सगळा बेत बदलला. हॉल रद्द. बोहलं वाडीच्या चौकात, तिथे फक्त दोन्हीकडची मिळून अकरा माणसं. वाडीतल्यांनी आपापल्या गॅलरीतून लग्न बघायचं, तिथूनच अक्षता टाकायच्या, लाडू घरपोच येतील. बाहेरच्यांनी आशीर्वाद घरूनच द्यायचे. बेत उत्तम होता. प्रश्न एवढाच होता की दिलेली अक्षत परत कशी घ्यायची. बोलावण्याचे शंभर प्रकार आपल्याकडे आहेत, पण 'येऊ नका' म्हणायचा एकही रिवाज नाही. पोस्टकार्ड टाकणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. बोलावणं तोंडी केलं, तर हेही तोंडीच सांगायला हवं, असं शामरावांनी ठरवलं आणि टोपी घालून निघाले.

ऐंशी घरी ऐंशी तऱ्हा. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, बाकी कोणाकोणाला नको म्हटलंत? सगळ्यांनाच, असं सांगितलं की माणूस मान हलवायचा, पण पटलेलं नसायचं. ठाकुरद्वारच्या एका आजोबांनी तर बजावलं की आम्ही चूलबंदवाले, तुम्ही घरटी एकवाल्यांना सांगा. वाडीतले बाबुराव समितीचे कार्यकर्ते. जिन्याच्या भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे चुन्याने लिहिलेलं अक्षर त्यांचंच. त्यांनी शामरावांना अर्धा तास बसवून सांगितलं की फ्लू वगैरे काही नाही, आपल्या सभा बंद पाडायला सरकारने काढलेलं हे खूळ आहे, आणि तुमच्यासारखी शिकलेली माणसं त्याला फशी पडतात. हे सांगताना ते तीनदा शिंकले.

आणि प्रत्येक घरी चहा. लग्नाला येऊ नका म्हणायचं आणि वर चहाही नको म्हणायचं, हे शामरावांच्याने झालं नसतं. एकावर दुसरा अपमान कुठल्या तोंडाने करायचा? पंधरा दिवसांपूर्वी ज्या कपात आग्रहाचा चहा प्यायले त्याच कपात आता शरमेचा चहा पीत ते फिरले. परळला कमलाबाई म्हणून ललिताची जुनी ओळखीची बाई होती, तिच्याकडे तीन माणसं पांघरुणात होती. सून तापाने लालबुंद झालेली, तरी तीच उठली आणि तिने चहा टाकला. कमलाबाई म्हणाली, बरं झालं आलात, आम्ही एवढ्यातून येणारच होतो लग्नाला. शामराव मनातून संतापले, आणि बशीत ओतून तो चहा प्यायले.

लग्नाच्या सकाळी ते उठले तेव्हा अंग ठेचून काढल्यासारखं दुखत होतं. घरात ते एकटेच, बायको राधाबाई तीन दिवस लग्नाच्या कामासाठी ललिताकडेच होती. ललिताच्या आजारात घेतलेला थर्मामीटर कपाटात होता. लावला. एकशेदोन. झटकून पुन्हा लावला, तरी तेवढाच.

साडेदहाचा मुहूर्त होता. मामाने भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं, अंतरपाट सरेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. मीनाक्षी जन्मली तेव्हापासून शामराव त्या दहा मिनिटांची वाट पाहत होते. रेशमी उपरणं खुंटीवर तयार होतं. त्यांनी ते उचललं, परत ठेवलं. ऐंशी घरांना त्यांनी जे सांगितलं होतं ते आता एकाच माणसाला सांगायचं राहिलं होतं. तोही नेमका कोणाचं ऐकणारा नव्हता.

त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि खिडकीतून बाबुरावांना हाक मारली. म्हणाले, मला ताप भरलाय, मी येत नाही, तिकडे तेवढं सांगा. बाबुराव तापावर विश्वास न ठेवणारे. त्यांनी तिकडे जाऊन सांगितलं की मामा येत नाहीत, दार लावून बसलेत, ताप आहे म्हणतात. जयवंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना पत्रिकेत गाळलेलं नाव आठवलं. लग्नाच्या दिवशी मामाला ताप येतो तो कसला, हे काय कोणाला सांगायला हवं?

मनधरणीला आधी जयवंतराव आले, मग राधाबाई. दोघांनाही शामरावांनी दाराआडून परत पाठवलं. राधाबाईला तर त्यांनी आत पाऊलही टाकू दिलं नाही, कारण तिथून ती पुन्हा ललिताजवळच जाणार होती. मुहूर्ताला वीस मिनिटं असताना जिन्यावर पावलं वाजली. हळू, प्रत्येक मजल्यावर थांबत. शामरावांनी ती पावलं ओळखली.

"दादा, दार उघड," ललिता म्हणाली.

"मला ताप आहे. तू खाली जा आधी."

"नाव राहिलं ते आमचं चुकलं. मी पाया पडते. पण उघड."

शामरावांनी जीव तोडून सांगितलं की नावाचं काही नाही, खरोखर ताप आहे, डॉक्टर काय म्हणाले ते आठव. ललिता म्हणाली, तापच असेल तर उघड आणि मला हात लावून बघू दे. आणि ती दाराशी, उंबऱ्याला टेकून बसली. म्हणाली, तू आल्याशिवाय मुलगी बोहल्यावर उभी राहणार नाही, मुहूर्त टळला तर टळू दे. मग तिला खोकला आला. तीन जिने चढून आलेल्या बाईचा तो खोकला शामरावांनी फळीपलीकडून ऐकला. मधे फक्त एक फळी होती, आणि तिच्या फटीतून त्यांचा श्वास तिच्यापर्यंत जात असेल असं त्यांना वाटलं. ते मागे सरकले, थेट भिंतीपर्यंत.

"हो, रुसलोय मी," ते तिथून म्हणाले. "ऐंशी घरी तुमच्यासाठी जोडे झिजवले आणि पत्रिकेवर माझं नाव नाही. मी यायचा नाही. तुझ्या घरची पायरीही चढायचा नाही. ऊठ, जा."

उंबऱ्यावरून उठताना तिच्या बांगड्या वाजल्या.

"बरं," ललिता म्हणाली. मग पावलं उतरत गेली, पुन्हा प्रत्येक मजल्यावर थांबत.

मामाच्या जागी शेवटी बाबुराव उभे राहिले. शिंकणारे बाबुराव! शामरावांनी खिडकीच्या फटीतून ते पाहिलं आणि हसावं की भिंतीवर डोकं आपटावं हे त्यांना कळेना. ललिता मात्र चौकाच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसली होती, नाकातोंडावर पदर, पुरेशी लांब. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. मंगलाष्टकं सुरू झाली, प्रत्येक कडव्याला चारी बाजूंनी अक्षता पडू लागल्या. शामरावांकडे वाटून उरलेल्या अक्षतांची पुडी होती. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, न बोलावलेल्या पाहुण्यासारखे, त्यांनी त्या मूठमूठ खाली टाकल्या. त्यातल्या किती मीनाक्षीपर्यंत पोचल्या कोण जाणे. त्यांना रडू आलं आणि तापाने डोळे आणखीच जळजळले.

नऊ दिवस ते अंथरुणात होते. सगळ्या वाडीने ते पाहिलं. डॉक्टर आले, राधाबाईने काढे दिले, कपाळावर घड्या ठेवल्या. शामरावांना वाटलं, चला, आता तरी पटेल. कसलं काय! वाडीने निकाल दिला की एवढा रुसवा धरला, त्याने ताप चढला. ताप खरा, पण रुसवा आधी. ललिताला तर पटवायची सोयच नव्हती. ती म्हणे, मी दाराशी बसले होते, तू स्वतःच्या तोंडाने म्हणालास. तिला फ्लू आला नाही. वर्षभर ती त्यांच्याशी मोजकंच बोलली. त्या मोजक्या बोलण्यातही तिचा श्वास नीट चाललाय ना, याकडे शामरावांचं लक्ष असायचं.

महाराष्ट्र झाला त्या मे महिन्यात मीनाक्षी माहेरी बाळंत झाली. गॅलऱ्यांवरच्या पताका अजून उतरल्या नव्हत्या. एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली, मजल्यामजल्यावर थांबत. शामरावांनी दार आधीच उघडून ठेवलं आणि खुर्ची सरकवली. ललिता बसली, दम खाल्ला, आणि वाटीतल्या अक्षता त्यांच्या हातावर ठेवल्या.

"बारशाची पहिली अक्षत तुला," ती म्हणाली. "आणि पत्रिका या वेळी छापलीच नाही. म्हणजे नाव राहायची भानगड नको. आता तरी रुसू नकोस."

तीन वर्षांचं सगळं शामरावांच्या जिभेच्या टोकावर आलं. समोर ललिता पदराने घाम टिपत होती, तीन जिने चढून आलेली, धापा टाकणारी, अजून थोडी रागावलेली.

"नाही रुसत," ते म्हणाले. "चूलबंद ना?"