जास्तीचा ह

भाचीचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर वाचणारा आधी अडखळेल आणि मग हसेल, आणि तसं हसणारे मी लय बघितलेत. एवढंच सांगते की नाव साधं आहे, त्या नावाच्या चार पोरी कुठल्याही गावात सापडतील. फक्त हिच्या नावात मधोमध एक ह आहे, तो दुसऱ्या कुणाच्या नावात नसतो. आहे कुठला, होता म्हणायला पाहिजे आता.

आमच्या परभणीकडची माणसं बोलताना ह गिळून टाकतात. आमी म्हणतात, तुमी म्हणतात. शाळेत गुरुजींनी हातावर वळ उठवले तरी तो ह आमच्या तोंडात काही टिकला नाही. आणि अशा मुलखात एका माणसानं, आहे तो ह बोलायची मारामार असताना, नसलेला ह उचलून पोरीच्या नावात नेऊन बसवला. तो माणूस म्हणजे आमचे मालक, माझा नवरा. आणि ते नाव भाचीसाठी काढलेलं नव्हतंच. ते आमच्या पोरीचं होतं.

माझं माहेर पेडगाव, सासर गंगाखेडच्या अलीकडचं एक खेडं. लग्नानंतर आमी दोघं ऊसतोडीला जायचो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे राबायला दोघं आणि मोजायला एक. दिवाळी झाली की टोळीबरोबर ट्रकमध्ये बसायचं आणि पार खाली, कारखाना सांगेल त्या फडावर कोपी टाकून राहायचं. कोपी म्हणजे चटया-पाचटाचं खोपटं, आमच्या कोपीला एका अंगाला जुना पत्रा होता. त्या हंगामात मला दिवस गेले होते. दुपारच्या भाकरीनंतर जरा टेकलो की हे चुलीतला कोळसा घेऊन त्या पत्र्यावर नाव लिहायचे.

मी बारावी नापास, हे सातवीतून सुटलेले. त्यामुळं शहाणपण माझ्याकडं जास्त. मी म्हटलं, ‘‘अवो, ह कशाला घातलाय मधीच? असं नाव असतंय का कुठं?’’

‘‘तिथं जरा दम घ्यावा लागतोय,’’ हे म्हणाले. ‘‘माझ्या लेकीला कुणी घाईघाईनं हाक मारायची न्हाई.’’

‘‘आणि पोरगा झाला तर?’’

‘‘पोरगीच हाय.’’

पोरगीच होती. पण ती रडली नाही. दिवस भरायच्या आधीच फडावर माझ्या पोटात कळा सुरू झाल्या, ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेईपर्यंत अंगातलं रक्त निम्मं गेलं होतं. मला शुद्ध आली तेव्हा सगळं उरकलेलं. पिशवी काढून टाकावी लागली, असं नर्सनं सांगितलं, आणि हे एकटेच पोरीला फडाच्या बांधाला मातीत ठेवून आल्याचं टोळीतल्या एका बाईनं सांगितलं. मी माझी पोर बघितलीच नाही. कशी होती म्हणून मी विचारलं नाही आणि ह्यांनी आपणहून सांगितलं नाही. कोपीत परत आले तर पत्र्यावरचा कोळसा पुसलेला होता. त्यानंतर आमी ऊसतोड सोडली. मी शिवणयंत्र घेतलं, हे दुसऱ्यांच्या रानात सालानं राबू लागले. त्या पोरीविषयी आमच्या घरात एक चकार शब्द निघाला नाही.

पुढं माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. आता नाव ठेवायचं ते आत्यानं, हे सगळ्यांना माहीत आहे. बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं, मागून बाया ‘कुर्रर’ म्हणत पाठीत बुक्क्या घालतात, आणि तेवढ्या गोंधळात नाव सांगायचं. मग आत्याला साडी. भाऊ तर आधीच म्हणाला होता, ‘‘अक्का, तू ठेवशील ते नाव. आमी इचारणार बी न्हाई.’’ बिचाऱ्याला वाटलं, ज्या बहिणीला मूल होणार नाही तिला एवढा तरी मान द्यावा.

मी दुसरं एक नाव ठरवून गेले होते, खरंच. पण त्या कोवळ्या कानाशी तोंड गेलं, पाठीत बुक्क्या पडायला लागल्या, आणि तोंडातून आमच्या पोरीचं नाव निघून गेलं. मधल्या ह सकट निघालं. बाया म्हणाल्या, काय गं, काय म्हणलीस? मी परत सांगितलं. परत सांगताना मात्र मी शुद्धीवर होते.

अंगणात पुरुषांच्यात हे चहा पीत होते. नाव बाहेर गेलं तशी ह्यांनी कपबशी खाली ठेवली आणि शेजाऱ्याचा बैल बघून येतो म्हणून निघून गेले. येताना एसटीत माझ्या शेजारी बसले, पण आमचं गाव येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिले.

मेलेल्या लेकराचं नाव कुणी जित्या लेकराला देतं का? कळलं असतं तर माझ्या भावजयीनं पोरीच्या प्रत्येक तापाला माझ्या नावानं बोटं मोडली असती, आणि तिचं काही चुकलं नसतं. पण रडलंच नाही त्या लेकराला नाव नसतं, म्हणून कुणाला कळायचा प्रश्नच आला नाही. पाप म्हणता? म्हणा खुशाल. मला त्या नावानं कुणीतरी ओरडलेलं ऐकायचं होतं. जेवायला ये, केस विंचरून घे, थांब आता मार खाशील, असं सगळं. पेडगावला गेले की भावजय दारातून हाक मारायची, आणि मी स्वयंपाकघरात पीठ मळता मळता थांबायची. त्यासाठी तर मी महिन्या-दोन महिन्याला माहेरी पळायची.

पण लोकांना एक ह पचेना! पहिल्या वाढदिवसाला फ्लेक्स केला, तर फ्लेक्सवाल्यानं आपल्या अकलेनं ह काढून टाकला. वर म्हणतो, ‘‘मावशी, चूक दुरुस्त करून दिली, त्याचे पैसे घेतले न्हाईत.’’ मी त्याच्या दुकानात जाऊन असा आवाज चढवला की त्यानं तासाभरात दुसरा फ्लेक्स काढून दिला. अंगणवाडीची बाई म्हणाली, नाव हाय का शिंक? शाळेत एक गुरुजी हजेरी घेताना दर वेळी मुद्दाम थांबायचे आणि ‘‘नाव आहे की ठसका?’’ म्हणायचे. की वर्ग खो खो हसायचा. आणि गंमत बघा, माझ्या जावेच्या नातवाच्या नावात कुण्या आकडेवाल्या ज्योतिषानं इंग्रजीत तीन जास्तीची अक्षरं कोंबली, तर सगळे म्हणाले, वा, भाग्याचं नाव आहे. ज्योतिषाची अक्षरं भाग्याची आणि माझ्या नवऱ्याचं अक्षर ठसक्याचं!

पोरगी लहान होती तेव्हा मी तिला सांगायची, कुणी हसलं तर म्हणायचं, माझ्या आत्यानं ठेवलंय, जा तिला विचार. ती तसंच म्हणायची. कमरेवर हात ठेवून म्हणायची. ती मला आवडायची कारण ती होतीच तशी, भांडखोर, माझ्यासारखी. नावामुळं आवडते का तिच्यामुळं, हे कोडं मी कधी सोडवत बसले नाही.

कागदांनी मात्र घात केला. जन्माच्या दाखल्यावर ह मधे, आधारकार्डावर ह शेवटी, मोठ्या शाळेत जाताना तिथल्या दप्तरी ह गायब. ज्यानं त्यानं आपापल्या परीनं पोरीचं भलं केलेलं. पोरगी कबड्डी चांगली खेळायची. नववीत तिचा जिल्ह्याच्या संघासाठी नंबर लागला, परभणीला गेली, आणि तिथं टेबलावरच्या माणसानं तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. म्हणाला, ‘‘ह्या तर तीन पोरी झाल्या. खेळायला कोण आलीय?’’ बाकीच्या पोरी मैदानात गेल्या आणि ही बसस्टँडवर बापाबरोबर बसून राहिली. घरी आली तर ना रडली, ना जेवली. मला भावजयीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी त्या टेबलवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या. पण शिव्या घालता घालताच पुढं काय येणार ते मला कळलं होतं.

दहावीचा फॉर्म भरायच्या आधी भावानं मला बोलावून घेतलं. मी पोचले तर घर सारवलेलं, पाट मांडलेला, शेजारच्या पाच-सहा बाया गोळा झालेल्या, आणि ताटात नवी साडी. मला वाटलं कुणाची ओटी भरायची आहे.

भाऊ घसा साफ करत म्हणाला, ‘‘अक्का, फॉर्मवर पडंल ते नाव जलमभर ऱ्हातंय म्हणं. गुरुजी म्हणायलेत, आत्ताच नीट करून घ्या. तवा आमी म्हणलं...’’

भावजय म्हणाली, ‘‘नाव आत्यानं ठेवलेलं हाय. बदलायचं तर आत्याच्याच तोंडानं बदलावं. कचेरीतल्या बाबूनं बदललेलं आमाला चालायचं न्हाई. नाव काय, तेच ऱ्हातंय की अक्का. एक ह तेवढा काढायचा.’’

एक ह तेवढा. त्या ह शिवाय ते नाव कुणाचंही होतं, चार पोरींचं, चारशे पोरींचं. माझ्या पोरीचं म्हणून जगात जे काही होतं ते तेवढं एक अक्षर होतं, आणि ही साधी माणसं मला साडी देऊन, पाटावर बसवून, मान देऊन ते मागत होती. त्यांनी चोरून बदललं असतं तर मी भांडले असते, वर्षभर पेडगावचं तोंड बघितलं नसतं. पण मान देणाऱ्याशी कसं भांडायचं, सांगा.

मी ताटातल्या साडीची घडी मोडून परत घालत राहिले. लय वेळ झाला असणार, कारण बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. तेव्हा पोरगी माझ्यासमोर येऊन बसली. माझ्याएवढी उंच झालेली. माझा हात धरून म्हणाली, ‘‘आत्या, तुला वाईट वाटायलंय का? मग राहू दे. खरंच राहू दे. मी घेते भागवून.’’

ती खरंच बोलत होती. मी राहू दे म्हटलं असतं तर तिनं जन्मभर तो ठसका सोसला असता, प्रत्येक टेबलावर तीन पोरी होऊन उभी राहिली असती, आणि मला कधी बोलून दाखवलं नसतं. ही पोरगी जिवंत होती. तिला मैदानात जायचं होतं.

‘‘इकडं कर कान,’’ मी म्हटलं.

पंधरा वर्षांच्या घोडीच्या कानात नाव सांगायचं, म्हणून बाया आधीच फिदीफिदी हसत होत्या. ‘कुर्रर’ झालं. माझ्या पाठीत बुक्क्या बसल्या, आणि शेजारच्या काकूंचा हात तर मुसळ आहे. मी तिच्या कानात ते सपक, सरळ, बिनह-चं नाव सांगितलं. तिला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली. माझ्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं तशी भावजय बायांवर ओरडली, ‘‘अगं हळू मारा की, अक्काला लागलं बघा!’’ मी पण म्हटलं, हो, लय लागलं.

साडी घेऊन दिवस मावळायच्या आत घरी आले. हे चुलीपुढं बसून भाकरी थापत होते, मी गावाला गेले की तेच करतात, जाड आणि वाकड्या. पिशवीतली साडी ह्यांनी बघितली.

‘‘काय झालं?’’

‘‘पोरीचं नाव नीट करून घेतलं. मलाच सांगायला लावलं कानात.’’

‘‘काढला का ह?’’

‘‘काढला.’’

ह्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मी दाराशीच बसले, चप्पल पण काढली नव्हती. भाचीच्या बारशापासून आजवर आमी दोघं त्या नावाच्या आडून एकमेकांशी गप्प राहिलो होतो. आता आडोसाच राहिला नाही. मग इतक्या वर्षांत न विचारलेलं मी विचारलं.

‘‘तुमी तर तिला बघितलं होतं. कशी होती?’’

मला वाटलं हे उठून बाहेर जातील. गेले नाहीत. हाताचं पीठ झाडत म्हणाले, ‘‘केस लय होते. काळेभोर. नाक तुझ्यावाणी.’’ मग चुलीत काटकी सारत म्हणाले, ‘‘एक डोळा उघडा ऱ्हायला होता. मी मिटला.’’

मला हुंदका आवरेना. मी म्हटलं, ‘‘बिननावाचीच गेली वो आपली पोर. आणि जे होतं ते पण आज मीच...’’

‘‘बिननावाची कशानं?’’ हे म्हणाले. आवाज चढला होता, एवढा आवाज ह्यांनी माझ्यावर कधी चढवला नव्हता. ‘‘मातीत ठेवायच्या आधी सांगितलं की मी तिच्या कानात. आत्या कुठून आणायची होती तिथं? मीच झालो आत्या.’’

चुलीवरची भाकरी करपत होती, आणि दोघांपैकी कुणीच उठलं नाही.