कोरडाच उडाला

माळावरच्या डबक्याकाठी पखुर्डीचा नर उतरला. कबुतराएवढा, मातकट, हलला नाही तर ढेकूळच वाटावा. पोटाची पिसं भिजवून तो दूरवरच्या पिलांना पाणी नेतो, पिलं ती पिसं चोखतात. तो पाण्यात पोट टेकणार, तोच शेजारी बसलेल्या बायकोचा फोन वाजला. पक्षी कोरडाच उडाला.

"माझंच चुकलं हो," ती ओशाळून म्हणाली. "पिलं बिचारी वाट बघत असतील."

मला राहवलं नाही. आमची लेक गेली त्या दिवशी मी असाच पाणवठ्यावर होतो. रेंज नव्हती, असं आजवर सांगत आलो.

"रेंज होती," मी म्हणालो. "तुझे फोन दिसत होते. समोर पखुर्ड्या होत्या, म्हणून उचलले नाहीत."

पक्षी परत येतो का, ते ती बघत राहिली.