चार टक्के आंबट

रजिस्टरमध्ये फक्त रीडिंग लिहायचं असतं. रीडिंग घेताना कोण काय बोललं, त्याला कॉलमच नाही! त्यामुळे ते सगळं माझ्याच डोक्यात साठत गेलं. आता बदलापूरच्या मैत्रिणी चहाला जमल्या की आधी म्हणतात, "चल, तुझ्या व्हिनेगरचं काढ."

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची छोटी फॅक्टरी. लोणचंवाले, सॉसवाले, चायनीजवाले आमचं व्हिनेगर घेतात. लॅब म्हणजे पत्र्याची एक खोली. त्यात मी आणि माझ्या सीनियर, कांबळे मॅडम. काम एकच, व्हिनेगरमध्ये ॲसिड चार टक्के तरी आहे ना ते बघायचं. कमी भरलं तर लोणचं नासतं. फ्लास्कमध्ये व्हिनेगर घ्यायचं, त्यात दोन थेंब इंडिकेटर, आणि वरच्या उभ्या काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, थेंब थेंब कॉस्टिक सोड्याचं द्रावण सोडायचं. फिकट गुलाबी रंग येऊन टिकला की थांबायचं. जितकं कॉस्टिक लागलं, तितकं ॲसिड. यालाच टायट्रेशन म्हणतात.

सोपं आहे ना? माझा पहिला दिवस ऐका.

ब्युरेटचे आकडे वरून खाली वाचतात. मी घाबरून खालून वर वाचले! हिशोबात आलं सव्वीस टक्के. मॅडम जेवायला गेलेल्या. मी कागद थेट आमचे प्रॉडक्शन मॅनेजर म्हात्रे यांच्या हातात दिला. ते खरवई गावचे, आवाज मोठा. पळतच शेठच्या केबिनमध्ये गेले, "शेठ, आपला माल सव्वीस टक्के!"

कुठल्याही माणसाला शंका आली असती. शेठ म्हणाले, "बढिया! पाणी सोडा."

मॅडम डबा तसाच टाकून धावल्या आणि त्यांनी टाकीचा नळ बंद केला. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त ब्युरेटच्या वरच्या टोकाला बोट लावून म्हणाल्या, "शून्य इथे असतो. बाकीचे केबिनमध्ये बसतात."

*

म्हात्रे एकदा टायट्रेशन बघायला उभे राहिले. फ्लास्कमध्ये गुलाबी छटा आली, मी थांबले.

"एवराच गुलाबी? कुणाला दिसनार तो? जरा गडद कर!"

मी समजावलं, "गडद करायचं तर जास्त कॉस्टिक जातं सर. मग ॲसिड उगाच जास्त दिसतं."

म्हात्रे दोन मिनिटं विचारात पडले. मग चेहरा उजळला. "म्हंजे गडद केला का माल पास?"

त्या दिवसापासून मॅडम त्यांना लॅबच्या दाराबाहेरच उभं करतात.

*

मग शेठचे चिरंजीव एमबीए करून आले. त्यांना लॅब म्हणजे 'टाइम वेस्ट' वाटायची. "म्हात्रे अंकल इतक्या वर्षांचे एक्स्पर्ट आहेत. ते चाखूनच सांगतील ना!"

मॅडमनी लगेच तीन कप भरून आणले. म्हात्रेंनी डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली. "हे साडेतीन. हे चार. आणि हे... अहाहा! हे पाच!"

चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या. तिन्ही कप एकाच बाटलीतले होते!

*

नवी लेबलं छापून आली. ठळक अक्षरात, 'शंभर टक्के नैसर्गिक'. आम्ही तर कॅनमधून ॲसिड आणून त्यात पाणी मिसळायचो. मॅडम लेबल घेऊन शेठकडे गेल्या. "यातलं नैसर्गिक काय आहे?"

शेठ शांतपणे म्हणाले, "पानी मॅडम! और शहाण्णव टक्के तो वही है."

ती लेबलं मॅडमनी लावू दिली नाहीत. शेठ आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मॅडम म्हणायच्या, कामं भराभर झाली.

*

एका सॉस कंपनीचा ऑडिटर आला. नेमक्या मॅडम फोनवर. म्हात्रेंनी मॅडमचाच कोट चढवला आणि पुढे झाले. ऑडिटरने विचारलं, "टायट्रेशन कुठे थांबवायचं, हे कसं ओळखता?"

म्हात्रे ठामपणे म्हणाले, "कांबळे मॅडम 'बस' बोलल्या का!"

*

आणि तो तीन पूर्णांक एक टक्क्याचा लॉट.

माल एका लोणचंवाल्याकडे जायचा होता. मॅडमनी सहा वेळा तपासलं. सहाही वेळा तीन पॉइंट एक. शेठ स्वतः लॅबमध्ये आले. "मॅडम, चार लिख दो ना. एका आकड्याने काय होतं?"

"लोणच्याला बुरशी येते," मॅडम म्हणाल्या. "आणि ते कुणाच्या तरी पोरांच्या डब्यात जातं. मी लिहिणार नाही."

"ठीक आहे. बाहेरून रिपोर्ट आणतो. मग तुम्ही उद्यापासून येऊ नका!"

मॅडमनी सॅम्पलच्या दोन बाटल्या भरल्या, सील केल्या. एक उल्हासनगरच्या खासगी लॅबला गेली, दुसरी त्यांनी कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. ॲसिड चार पूर्णांक दोन टक्के, 'उत्तम दर्जा', सही, शिक्का. शेठनी तो मॅडमच्या टेबलावर आपटला. म्हात्रेंनी ट्रक भरायला सांगितलं.

मॅडमनी कपाटातली बाटली काढली, सील तोडलं आणि सगळ्यांसमोर तोंडाला लावली. गटागटा अर्धी संपवली!

"अरे मॅडम! ॲसिड आहे ते!" शेठ ओरडले.

"पाणी आहे शेठ. आपल्या कूलरचं. दोन्ही बाटल्यांत तेच भरलं होतं."

शेठनी रिपोर्ट उचलला, घडी घातली, खिशात टाकला. मग खिडकीतून हात बाहेर काढून ट्रकवाल्याला माल उतरवायची खूण केली. नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

फक्त म्हात्रे जागचे हलेनात. अर्ध्या बाटलीकडे बघत, घसा चोळत, हळूच म्हणाले,

"मॅडम... आपल्या कूलरात चार टक्के ॲसिड हाय? आनि मी रोज तेच पितंय?"