एक ते आठ, सरळ

विमलकाकूंच्या दारात पाणी मागणाऱ्याला आधी गुळाचा खडा मिळायचा, मग तांब्याभर पाणी, आणि तांब्या परत देताना त्यानं मोबाइल बाहेर काढला, तर न मागता वायफायचा पासवर्डही मिळायचा. "एक ते आठ, सरळ," काकू सांगायच्या. "तेवढं येतंय न्हवं?" सिलिंडरवाला, मीटर बघायला येणारा, पार्सलवाला, कुणीही त्यातून सुटला नाही. मी एकदा शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं, "काकू, पासवर्ड असा वाटायचा नसतो." त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "आमच्या अंबाजोगाईकडं टँकरची वाट बघायचो, तवा बी दारी आलेल्याला कुनी पानी न्हाई म्हनलं न्हाई. ह्ये तर हवेतून यायलंय. त्याला काय न्हाई म्हनायचं, मास्तरीणबाई?"

मास्तरीणबाई म्हणजे मी. चिखलीतल्या शाळेत भूगोल शिकवते आणि काकूंच्या समोरच्या खोल्यांत राहते. आमची इमारत चार मजली. खाली लेथ मशीनचं वर्कशॉप आणि वर सगळे भाडेकरू, कुणी बीडचे, कुणी परभणीचे, एक कुटुंब कोकणातलं. घरात मोबाइलची रेंज अशी, की बोलायचं तर खिडकीच्या गजाला कपाळ टेकवायचं. वायफाय फक्त काकूंकडे होतं. अंबाजोगाईची बहीण रोज दिसावी म्हणून त्यांनी ते घेतलं होतं. मग लॉकडाउनमध्ये मुलांची शाळा मोबाइलवर आली आणि इमारतीतली सगळी मुलं काकूंच्या जिन्यात येऊन बसू लागली. पोरं पायऱ्यांवर अवघडून बसतात म्हणून काकूंनी पासवर्डच सांगून टाकला. पोरांनी आयांना सांगितला, आयांनी नवऱ्यांना. मी पगारदार बाई, स्वतःचं कनेक्शन सहज घेऊ शकले असते. पण फुकटचं सोडवत नाही, हेही खरंच. मीही एक ते आठवरच होते.

काकू पूर्वी भोसरीच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायच्या. त्यामुळे घरातली प्रत्येक वायर सुबक गुंडाळून, गाठ मारून ठेवलेली. यंत्राला त्या माणसासारखं वागवत. "दिसभर राबतंय, त्याला बी सण असावा की," म्हणत आणि खंडेनवमीला मिक्सर, शिलाई मशीन, इस्त्री आणि राउटर यांना ओळीनं मांडून हळदकुंकू वाहत. राउटर मात्र त्या पालथा घालत. कारण विचारलं तर म्हणाल्या, "जिकडं लिहिलंय तिकडं त्याचं तोंड." म्हणजे खालच्या बाजूला जो कागद चिकटवलेला असतो, त्यावर दरवर्षी हळद, कुंकू, गंध आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसणं. या भक्तीचं फळ आम्हाला पुढे मिळायचं होतं.

शीतल ही काकूंची एकुलती मुलगी. डिप्लोमा करून कंपनीत क्वालिटीचं काम करायची. लग्नानंतर नोकरी सुटली, मग लग्नही सुटलं, आणि ती लहानग्या परीला घेऊन आईकडे आली. काकूंनी तिला एकदाही कारण विचारलं नाही. "चूल एकच हाय, पन ताटं तीन बसत्यात," एवढंच म्हणाल्या. पण नोकरीत इतकी वर्षं खंड पडलेल्या बाईला कुणी उभं करत नव्हतं. अर्ज जायचे, उत्तर यायचं नाही. शीतल दिवसेंदिवस गप्प होत चालली होती आणि ते बघून काकूंचा जीव तीळतीळ तुटायचा.

शेवटी चाकणच्या एका कंपनीनं बोलावलं. पहिली मुलाखत व्हिडिओवर, दुपारी चार वाजता. चारची वेळ म्हणजे आमच्या इमारतीची जत्रा. फर्स्ट शिफ्टच्या बसमधून माणसं उतरलेली असतात, पोरं शाळेतून आलेली असतात, आणि जो तो मोबाइल घेऊन पडलेला. शीतलनं स्वतःचं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं आणि कामाचं सांगायला लागली तोच समोरच्या साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. चित्र गोठलं, आवाज गेला, सगळंच बंद पडलं. संध्याकाळी त्यांचा निरोप आला, की उद्या चारला पुन्हा जोडून घ्या, मात्र ही शेवटची वेळ.

शीतल रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आई, पासवर्ड बदलायचा. आत्ताच्या आत्ता." काकू माझ्याकडे बघायला लागल्या. कनेक्शन बसवणाऱ्याला फोन केला, तर तो दोन दिवसांनी येतो म्हणाला. वर दम दिला, की मागच्या भोकात टाचणी खुपसू नका, सगळं पुसलं जाईल. "राउटरचा आयपी ॲड्रेस टाका, पान उघडेल, तिथं बदला. खालच्या कागदावर लिहिलाय बघा," म्हणाला. आम्ही राउटर उलटा केला. कागदावर पिवळ्या-लाल ढगांशिवाय काही नव्हतं. एका कोपऱ्यात फक्त एक टिंब शिल्लक होतं.

"तोंड पुसलं की गं माय ह्याचं," काकू हळूच म्हणाल्या.

मी अंदाजानं आकडे टाकायला सुरुवात केली. बहुतेक ठिकाणी हेच असतात असं इंटरनेट सांगत होतं. १९२.१६८.१.१ टाकला, पान उघडेना. एकाच्या जागी शून्य टाकलं, तरी उघडेना. शीतलनं माझ्या हातातून मोबाइल घेतला, वायफायच्या नावापुढचं चाकाचं चित्र दाबलं आणि खाली खाली जात राहिली. तिथं एक ओळ होती, गेटवे, आणि पुढे आकडे, १९२.१६८.१०.१. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जोर ऐकला. "सापडला! मोबाइल ज्याच्याशी बोलतो त्याचा आकडा मोबाइलमध्येच असणार ना!"

"म्हंजे दाराचा नंबर मोबाइलला म्हाईत आन् घरच्या बाईला न्हाई," काकू म्हणाल्या.

आकडे टाकले, पान उघडलं. नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. बसवणाऱ्यानं बदललेलाच नव्हता, तोही काकूंच्याच पंथाचा निघाला. आत गेल्यावर त्या क्षणी जोडलेले सगळे मोबाइल एकाखाली एक दिसायला लागले. काही नुसती कंपन्यांची नावं, काही माणसांची. काकू चष्मा पुसून वाचायला बसल्या. "ह्यो सचिन. वर्कशॉपातला. त्याची माय गावाकडं दवाखान्यात हाय, चारला तिचं तोंड बघतोय. ह्यो खालच्या वहिनीचा, ती पापडाच्या ऑर्डरी घेती. ह्यो कोन?"

"आई, नावंगावं बघत बसू नको. पासवर्ड बदलू दे."

"बिनसांगता? कामून?"

"कामून म्हणजे? माझी नोकरी मोठी का त्यांचा व्हिडिओ मोठा?" शीतल ओरडली. परी दाराशी येऊन उभी राहिली. काकूंनी परीला जवळ ओढून घेतलं. "तुझी नोकरी मोठी," त्या म्हणाल्या. "पन मानूस पानी पीत असताना तांब्या हिसकावू नये, बाई. मी सांगते सगळ्याला. कुनी ऐकलं न्हाई, तर मग लाव कुलूप."

मला हे मुळीच पटलं नव्हतं. चाळीस पोरांच्या वर्गाला पाच मिनिटं गप्प बसवणं काय असतं ते मला ठाऊक आहे, आणि ही तर कष्ट करून दमून आलेली मोठी माणसं. पण काकू पदर खोचून त्या संध्याकाळी प्रत्येक दाराशी गेल्या. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य. "उद्या चार ते पाच वायफाय बंद ठेवा. माझ्या लेकीची परीक्षा हाय." विनवणी नाही, उपकाराची आठवण नाही. वर्कशॉपमधल्या सचिननं मान डोलावली. तिसऱ्या मजल्यावरचा एकजण नुसता "बघू" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून थेट काकूंकडे गेले. शीतल इस्त्रीची साडी नेसून कॉम्प्युटरसमोर बसली होती आणि माझ्याकडे न बघता राउटरचं पान पुन्हा पुन्हा उघडत होती. चार वाजायला आले होते. नावं अजून तशीच. शीतलचा हात पासवर्डच्या रकान्याकडे गेला. तेवढ्यात एक नाव गळलं, मग दुसरं. सचिन गेला. पापडवाल्या वहिनी गेल्या. झाडाची पानं गळावीत तशी नावं खाली येत गेली आणि "बघू" म्हणणारासुद्धा गेला. शीतलच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पटकन टिपलं.

दोनच उरले. एक शीतलचा कॉम्प्युटर आणि एक कुठला तरी मोबाइल. काकू तावातावानं जिन्यात धावल्या. "कोन हाय त्यो? लाज न्हाई व्हय रं?" चारही मजल्यांवर दारं उघडली, माणसं आपापले मोबाइल वर धरून दाखवायला लागली. मीही भुवया चढवून त्यांच्याबरोबर शोधत होते. आतून शीतलचा आवाज आला, "मॅडम, तुमचा मोबाइल कुठे आहे?"

माझा मोबाइल माझ्या पर्समध्ये होता, आणि पर्समधल्या पर्समध्ये तो आमच्या शाळेच्या सहलीचे फोटो उतरवून घेत होता. अख्खी इमारत हसली. काकू हसल्या नाहीत. "मास्तरीणबाई," एवढंच म्हणाल्या, आणि मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं.

पाचपर्यंत जिन्यात कुणी मोठ्यानं बोललं नाही. वर्कशॉपवाल्यांनी लेथही थांबवलं, ते तर कुणी सांगितलंही नव्हतं. आतून शीतलचा आवाज येत होता, न तुटता, एकसारखा. मग दार उघडलं. ती म्हणाली, "सगळं बोलू दिलं त्यांनी मला." काकू कठड्याशी गेल्या, खाली वाकल्या आणि जिन्याच्या पोकळीत ओरडल्या, "झालं रं! लावा आता! एक ते आठ, सरळ!"

शीतल आता चाकणच्या कंपनीत आहे. रोजचा प्रवास नको आणि परीची शाळा जवळ हवी, म्हणून गेल्या उन्हाळ्यात तिघी तिकडेच राहायला गेल्या. जाताना काकूंनी राउटर माझ्या हातात दिला आणि कनेक्शन माझ्या नावावर करून घ्यायला लावलं. "पानी चालू ठेव," म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले, तर म्हणाल्या, "आन् कुंकू आता वरच्या अंगाला लाव गं."

खंडेनवमीला मी तसंच केलं. कागदाच्या जागी पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर ठळक आकडे लिहिलेत, १९२.१६८.१०.१, आणि हळदकुंकू वरच्या बाजूला. पासवर्ड अवघड करायचं मात्र मनात होतं. काकूंचं प्रेम वेगळं आणि व्यवहार वेगळा, असं मी स्वतःला समजावलंही होतं.

परवा काकूंच्या जुन्या खोल्यांत नवं बिऱ्हाड आलं. नवरा कामावर गेलेला, आणि विशीतली मुलगी खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून "हॅलो, आई, हॅलो" करत होती. मग मोबाइल हातात घेऊन माझ्या दाराशी आली आणि काही न मागता नुसती उभी राहिली. मी तिला आधी गुळाचा खडा दिला, मग पाणी. तिनं तांब्या परत दिला, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "एक ते आठ, सरळ. तेवढं येतंय न्हवं?"