वय सांगा, मग पिचकारी

दुकानात आठवडाभर उभं राहिलं की माल कमी होत जातो आणि किस्से वाढत जातात, हे मला मुरबाडला कळलं. आता डोंबिवलीत मित्रमंडळी जमली की कुणीतरी म्हणतंच, "तो पिचकारीवाला सांग ना." अरे, कुठला पिचकारीवाला? एक असेल तर सांगू. म्हणून म्हटलं, एकदा बसून सगळे ओळीने सांगून टाकावेत.

तर माझ्या आत्याचं मुरबाडला एसटी स्टँडजवळ छोटंसं दुकान आहे. वह्या, बांगड्या, राख्या, पतंग, ज्याचा सीझन असेल ते. होळीच्या आधी अर्थातच पिचकाऱ्या. यंदा तिचा गुडघा फार दुखत होता आणि माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही चालतं. मी फोनवरच जाहीर केलं, "मी येते गं आत्या, आपण मस्त डिस्प्ले करू, लायटिंग लावू."

आत्या म्हणाली, "ये. लायटिंग नको. फक्त एक ऐक, वय विचारल्याशिवाय पिचकारी द्यायची नाय."

तिचं गणित ठरलेलं. अगदी लहान पोराला रबरी मासा, मुठीत दाबायचा. बालवाडीवाल्याला साधी नळी, मागून ढकलायची. पहिली-दुसरीपासून पुढे ट्रिगरवालं पिस्तूल. पाचवीच्या पुढे पंपवाली, नाहीतर पाठीवर टाकी. दुकानासमोर एक बादली भरलेली आणि समोर एक रिकामा टब. पोराने बादलीतून भरायचं आणि टबात मारायचं. टब भरला की पाणी परत बादलीत. दिवसभर तेच पाणी इकडून तिकडे.

"बोट पोचलं पायजे न जोर पुरला पायजे," आत्या म्हणाली. "नायतर पोरगं रडतं, आई परत येते आन माझं डोकं खाते."

मला वाटलं, एवढं काय त्यात.

* * *

माझी पहिली विक्री. एक बाई, बरोबर तिचा पाच वर्षांचा मुलगा. आत्या चहा घ्यायला आत गेलेली. मुलाने थेट पाठीवरच्या टाकीकडे बोट दाखवलं. मी पण जोशात. "एकदम लेटेस्ट आहे ताई, रेंज बघा, बेल्ट अ‍ॅडजस्ट होतो." टाकी भरली, त्याच्या पाठीवर चढवली, बेल्ट घट्ट केला आणि म्हटलं, "चल, मार."

तो मारायला गेला आणि हळूच मागे बसला. पडला वगैरे नाही, बसला. मग हळूहळू आडवा झाला. पाठीवर टाकी, पोट वर, हातपाय हवेत. रडला पण नाही, नुसता आभाळाकडे बघत राहिला.

आत्या चहाचा कप घेऊन बाहेर आली. खाली बघितलं. मग माझ्याकडे.

"कासव कधीपासून इकायला लागलीस गो?"

त्याने साधी नळी नेली. जाताना टाकीकडे वळून वळून बघत होता.

* * *

आता सुदाम. सुदामबद्दल आधी सगळं सांगते, कारण तो त्या आठवड्यात रोजचं गिऱ्हाईक झाला होता.

सुदामचा टेम्पो आहे. पहाटे भाजी भरून कल्याणला जातो, दुपारी येऊन झोपतो, संध्याकाळी परत माल गोळा करायला. बायको रंजना भाऊबीजेला लेकीला, गौरीला घेऊन माहेरी गेली, सिद्धगडच्या पायथ्याच्या बाजूला, ती आलीच नाही. मागाहून स्वतःचं शिलाई मशीनसुद्धा तिकडे मागवून घेतलं. मारहाण, दारू, असलं काही नाही. तिचं म्हणणं एकच होतं, की ह्या माणसाला घरात कोण आहे ह्याचा पत्ता नसतो. हे सगळ्या बाजाराला माहीत होतं, म्हणून मलाही पहिल्याच दिवशी कळलं.

सुदामने ठरवलेलं, होळीला तिकडे जायचं, गौरीला पिचकारी द्यायची आणि दोघींना घेऊन यायचं.

तो आला, उभा राहिला, म्हणाला, "काकी, पोरीसाठी एक चांगली द्या."

मी लगेच, "वय किती?"

सुदाम म्हणाला, "पाच." मग, "नाय, सहा असंल." मग वर पत्र्याकडे बघून, "जन्मली तवा भाताची झोडणी चालू होती."

"कुठल्या वर्षीची झोडणी?"

"ते रंजनाला इचारायला लागंल."

मी म्हटलं, आधार कार्ड बघा. ते रंजनाकडे. फोटो बघा. फोटो दिवाळीचा, त्यात गौरी मोठ्या माणसांमध्ये उभी, नुसतं डोकं दिसतंय. मग म्हटलं, सरळ फोन करून विचारा.

"तसं इचारलं तर संपलंच ना ताई," तो म्हणाला. "ती तेच बोलून गेलीय. पोरगी केवढी हाय ते तरी ठावं हाय का तुमाला, असं. आता चुकीची नेली तर दारातच म्हनंल, बघा. मंग कशाला येतेय ती."

आत्याला गौरीचं वय पक्कं माहीत होतं. बारशाला गेलेली ती. मी तिच्याकडे बघितलं. ती बांगड्यांचे डबे पुसत होती.

"काकी, तुमी तरी सांगा."

"मी नाय सांगनार," आत्या म्हणाली. "पोरगी तुझी हाय."

तो रिकाम्या हाताने गेला.

* * *

टोकावड्याच्या बाजूची एक आजी आली, दोन नातू घेऊन. एव्हाना मी हुशार झालेले, वय आधी विचारलं. दोघे पण पाचवीच्या पुढचे. म्हटलं, चला, आता टाकी खपणार. "आजी, ही घ्या. दोन लिटर पाणी मावतं ह्यात!"

आजी म्हणाली, "दोन लिटर?"

"हो ना, सारखी सारखी भरायला नको."

आजीने नातवांकडे बघितलं, मग टाकीकडे. "दोघांच्या दोन. म्हंजी आमचा सकाळचा चहा न डाळ-भात ह्यांच्या पाठीवर." मग मला समजावल्यासारखं म्हणाली, "बाय, आमच्याकडं होळीच्या आधीच हीर तळाला जाते. लांब जानारी नको. कमी पिनारी दाखव."

मी डिस्प्लेवर रेंज, टँक, प्रेशर अशा चिठ्ठ्या लावलेल्या. कमी पिणारी कुठली, हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. आत्याने आतून बारीक तोंडाच्या दोन नळ्या काढून दिल्या. तांब्याभर पाण्यात बराच वेळ चालतात म्हणे. पोरांची तोंडं पडली, तर आजी म्हणाली, "नेम धरून मारा. पानी वाया गेलं नाय पायजे."

* * *

आत्याचं पण चुकतं हां. एक मुलगा आला, एकटाच, बारीकसा, माझ्या कोपराएवढा. पाठीवरची टाकी मागितली. मी वय विचारणार तेवढ्यात आत्या म्हणाली, "तुला नाय ती. तू हे पिस्तूल घे, बाळा."

मुलाने बादली उचलली. पाण्याने भरलेली, आमच्या डेमोची, जी मी दोन्ही हातांनी सरकवायचे. एका हाताने उचलली, टबाच्या पलीकडे नेऊन ठेवली आणि म्हणाला, "नववीत हाय मी. कबड्डीच्या टीममधी."

आत्याने टाकी काढून दिली. तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मिशी नव्हती ना गो त्याला."

* * *

सुदाम परत. ह्या वेळी आत्या नसताना. हळू आवाजात मला म्हणाला, "ताई, सगळ्या वयाला चालंल अशी नाय का एखादी?"

मी पण विचार करायला लागले. म्हटलं, "ट्रिगरवाली आणि रबरी मासा, दोन्ही न्या. जी बसेल ती द्या, दुसरी खिशात ठेवा."

सुदामचा चेहरा खुलला. "येक नंबर!" म्हणून त्याने मासा खिशात टाकला पण. तेवढ्यात आत्या मागच्या दाराने आली. तिला सांगावं लागलं.

"अस्सं," आत्या म्हणाली. "म्हंजी बायकोसमोर एका खिशातून काढनार, मंग दुसऱ्या. तिला कळनारच नाय, नाय का?"

सुदामने मासा परत ठेवला.

"मंग मी करू काय?"

"जाऊन बघ ना एकदा. टेम्पो हाय ना तुझा? का तो फक्त भोपळ्यांना बघायला जातो?"

* * *

मधेच एक आजोबा आले. धोतर, टोपी, हातात काठी. एकदम लांब मारणारी पंपवाली मागितली.

"वय किती?"

"अडुसष्ट."

मला वाटलं स्वतःचं सांगतायत. म्हटलं, "तुमचं नाही आजोबा, जो खेळणार आहे त्याचं."

"तेच सांगतोय. मंडळींचं. अडुसष्ट." मग म्हणाले, "मागच्या दारी वाल लावलाय. वानरं येतात. तिला दगड मारवत नाय, दया येते. नुसती हाड्हाड् करते, तर ती हिच्याकडं बघून शेंगा खातात."

आम्ही रीतसर डेमो दिला. आजोबांनी टबात नाही, समोरच्या विजेच्या खांबावर मारून बघितलं. समाधान झालं. दोन पावलं गेले आणि परत आले. "हिचा खटका कडक हाय. तिची बोटं वाकडी झालीत आता, तिला दाबणार नाय. मऊ हाय का एखादी?"

आत्याने तीन-चार पिस्तुलं स्वतः दाबून बघितली आणि सगळ्यात मऊ खटक्याचं दिलं, गुलाबी रंगाचं, वर फुलपाखरू. आजोबांनी ते धोतराच्या ओच्यात नीट ठेवलं.

* * *

होळीच्या आदल्या दिवशी सुदाम आला तो टेम्पो रस्त्यातच उभा करून. मागे एसटी हॉर्न मारतेय, हा आपला चालत दुकानात.

"बघितली," तो म्हणाला.

गेला होता खरा. शाळा सुटायच्या वेळेला, शाळेच्या पुढे वडाखाली टेम्पो लावून आत बसून राहिला. पोरं बाहेर आली. "मी बारक्या पोरींत शोधतोय. तिथं नाय. मंग मागून एक लांब वेनीवाली हसत आली, तर तीच. काकी, फुडचे दोन दात नायत तिचे. पडलेत. दप्तर सोताचं सोता घेतलं होतं, न एका बारक्या पोराचं बी. चिंचेला दगड मारला तर डाव्या हातानी. आपल्यात डावरं कोन हाय?"

"तुझी आई होती," आत्या म्हणाली.

बाहेर एसटीचा ड्रायव्हर मान बाहेर काढून त्याच्या सगळ्या खानदानाची चौकशी करत होता.

"हाक नाही मारलीत तिला?" मी विचारलं.

"हातात काय नव्हतं ना," तो म्हणाला. मग आत्याकडे वळला. "ट्रिगरवाली द्या. डाव्या हातात बी बसंल अशी. पिवळी नको, दप्तर निळं हाय तिचं. निळी द्या."

मी त्या आठवड्यात इतक्या पिचकाऱ्या विकल्या, पण गिऱ्हाईकाने वय न सांगता आत्याने दिलेली ही एकच.

* * *

धुळवडीला दुपारपर्यंत दुकान जवळजवळ रिकामं झालं. मी हिरवी, आत्या गुलाबी, डिस्प्ले भुईसपाट. बाजारात ओळखू येईल असा एक माणूस नव्हता. आम्ही टाकी विकलेला तो नववीतला कबड्डीवाला अख्ख्या गल्लीला पळवत होता.

तेवढ्यात सुदामचा टेम्पो आला. सुदाम खाली उतरला. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, त्यावर रंगाचा एक ठिपका नाही. डोक्याचा केससुद्धा ओला नाही.

मी आत्याकडे बघितलं. आत्या खोकी आवरायला लागली.

"खेळली नाय का पोरगी?" तिने वर न बघता विचारलं.

"नाय."

"का रं? लहान पडली?"

"बरोबर बसली की. डाव्या हातात. रंजना दारात उभी राहून बघत होती, काय बोलली नाय. मी म्हनलं, चला. ती म्हनली, नाय. जेवाय वाढलं, रात्री होळीला गेलो समदी, मंग बी नायच." त्याने रुमालाने उगाच कोरडं तोंड पुसलं. "आज सकाळी पोरगी पिचकारी भराया हंड्याशी गेली, तर आजी वराडली. टँकर परवा येनार. मंग पोरीनं हंड्यात वाकून बघितलं, न मला म्हनली, पप्पा, आपल्या घरच्या नळाला पानी येतं ना अजून?"

मी दुकानातून खाली उतरले. टेम्पोच्या केबिनमध्ये खिडकीशी गौरी बसलेली. निळी पिचकारी मांडीवर, आणि ती रिकामा ट्रिगर कटकट कटकट दाबत होती. तिच्या पलीकडे रंजनाताई, पदर डोक्यावर, तोंड रस्त्याकडे.

आत्या गुडघा धरत धरत आली. "आलीस गो?"

"आले कसली, काकी," रंजनाताई म्हणाली. "पोरीला खेळायचंय म्हनून. रंगपंचमी झाली का चालले परत."

"बरं," आत्या म्हणाली.

सुदामने टेम्पो चालू केला. तो वळून घराच्या रस्त्याला लागला तेव्हा मागची बाजू आमच्याकडे झाली. भाजीची क्रेट नव्हती एकही. मधोमध रंजनाताईचं शिलाई मशीन होतं, पायाच्या पायडलसकट, गोधडीत गुंडाळून दोरीने चारी बाजूंनी आवळलेलं.