आठव्याची तब्येत

आज सकाळी गणेशाला फूल वाहून परतताना भावोजींच्या दुकानाशी थांबले. तिथे जे पाहिलं ते वहीत उतरवायलाच हवं.

माझे धाकटे दीर बेखालाल सुवाल इथे नेपाळातल्या भक्तपुरात मातीच्या भांड्यांतलं दही विकतात. दही चांगलंच असतं, पण वीस वर्षं दुकानाशी गर्दी जमते ती विनोदांसाठी, आणि विनोद सगळे आमच्याच नेवार जमातीवर. नेवाराच्या घराला आग लागली तर तो आधी भोजाची पातेली बाहेर काढतो, मग बायको, असले. उप्रेती मास्तरांसारखी बामणाघरची गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. भावोजी म्हणायचे, स्वतःला हसायला छाती लागते. आपल्यातलं कुणी दुकानात शिरलं की मात्र ती छाती गपचूप दही मोजायला लागे.

हुकमी विनोद बोकडाच्या डोक्याचा. दसऱ्याला गुठीच्या, म्हणजे आमच्या भाऊबंदांच्या मंडळाच्या, भोजात डोक्याचे आठ वाटे करून वयाने मोठ्या आठ जणांना देतात. पहिल्याला उजवा डोळा, आठव्याला डावा जबडा. "म्हणून नववा रोज सकाळी आठव्याची तब्येत विचारायला जातो," भावोजी सांगायचे. "प्रेमानं नाही, जबड्यासाठी." नववे ते स्वतःच, मग दुसऱ्या कुणाला लागायचं कारणच काय?

यंदा पावसात आठवे, कान्छाबाबु, वारले. गाईजात्रेला, वर्षभरात गेलेल्यांच्या सणाला, त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या नावाची मिरवणूक काढली. त्या दिवशी कुणीही कुणाची टिंगल करावी, माफ असतं. संध्याकाळी टोलातल्या, म्हणजे आमच्या आळीतल्या, मंचावर उप्रेती मास्तर चढले आणि त्यांनी तोच विनोद सांगून शेपूट जोडलं, की यंदा नवव्याची चौकशी फळाला आली. समोर कान्छाबाबुंची बायको बसली होती. कुणी हसलं नाही. भावोजी तरातरा मंचाशी गेले. आमच्या म्हाताऱ्यांची चेष्टा करता, लाज नाही वाटत?

मास्तर गोंधळले. "बेखादादा, विनोद तुमचाच आहे."

"मी सांगत होतो तोवर विनोद होता."

टाळ्या पडल्या, आणि त्यातच भावोजी सापडले. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं की आपली खरकटी बाहेर कोण नेत होतं. टोलभर एकच बोलणं, यंदाचा जबडा यांना नको, वयाने त्यांच्यामागच्या तीर्थलालला द्या. तीस वर्षं पंगतीत बसून त्या जबड्याकडे पाहिलेला माणूस. दसऱ्यापर्यंत ते नीट जेवले नाहीत.

भोजाच्या दिवशी डोकं कापून झालं. सात वाटे गेले. आठवा वाटा आमच्या थकालींनी, म्हणजे सगळ्यांत वडील काकांनी, स्वतःच्या पानावर ठेवून घेतला.

"बेखा, वीस वर्षं परक्यांना हसवलंस," ते म्हणाले. "आम्हाला कधी ऐकवलं नाहीस. सांग."

 भावोजींनी खाली मान घालून तोच विनोद शेवटच्या "जबड्यासाठी"पर्यंत सांगितला, अगदी श्राद्धाचा मंत्र म्हटल्यासारखा.  मग स्वतःहून म्हणाले, कान्छादादाकडे मी खरंच रोज जायचो. तो चहा पाजायचा आणि म्हणायचा, अजून आहे रे, उद्या ये.

हे ऐकून कान्छाबाबुंची बायको पहिल्यांदा हसली, आणि सगळी पंगत तिच्यामागून. काकांनी जबडा भावोजींच्या पानावर ठेवला. तीर्थलाल तेवढा पोह्यांत बोटं फिरवत राहिला.

त्याला दोन दिवस झाले. आज पाहते तो दुकानाशी तीर्थलाल उभा.

"दादा, तब्येत कशी आहे?"

भावोजींनी त्याच्यासाठी चहा सांगितला. हसले मात्र नाहीत. मी हसले, देवाने माफ करावं.