मालनबाईंनी पाण्याला हात लावला

सोमवारी दुपारी मी दळण निवडत बसले होते. अर्धी ज्वारी सुपात, अर्धी पिशवीतच. तेवढ्यात दैवशालाबाईंची सून प्रीती धापा टाकत दारात आली.

"काकू, मालनबाई कुठं हायेत? सासूबाई त्यांनाच बोलवून राह्यल्या."

मी सूप तसंच ठेवलं, वर फडकं टाकलं आणि प्रीतीला घेऊन मालनबाईंच्या घराकडे निघाले. दैवशालाबाईंना दवाखान्यातून परत पाठवून चार दिवस झाले होते. आता घरीच सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यामुळे बोलावणं कशासाठी, हे विचारायची गरज नव्हती.

मालनबाई म्हणजे आमच्या कुंभार पिंपळगावच्या ख्रिस्ती मंडळीच्या बायबलबाई. वय बहात्तर. माहेर जालन्याजवळच्या ख्रिस्ती वस्तीतलं. बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकल्या, मग दोन वर्षं शास्त्राचं शिक्षण घेतलं. मालक तातेराव जिनिंगवर वॉचमन होते, त्यांच्यामागे इथे आल्या. तरुणपणी खांद्याला पिशवी आणि पिशवीत चित्रांची गुंडाळी घेऊन बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बायकांच्या रांगेत जाऊन बसायच्या. गिऱ्हाईक कमी झालं की चित्र उलगडून गोष्ट सांगायच्या. पुढे मिशनचा पगार थांबला, तातेरावही गेले. तेव्हा ब्लाउज शिवून घर चालवलं, पण रविवार चुकवला नाही. पाळकसाहेब अंबडला असतात, त्यांच्याकडे नऊ गावं. इथे महिन्यातून एकदा येतात. बाकीचे रविवार उपासनेतला संदेश मालनबाईंचा.

तो मात्र पायरीच्या खाली उभं राहून. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, व्यासपीठाला एकच पायरी आहे, वीतभर उंच. पुरुष तिच्यावरून बोलतात, बाई खालून. मंडळीचा कारभार बघणारे वडील भुजंगभाऊ दर रविवारी त्यांच्यासाठी पायरीच्या डाव्या बाजूला सतरंजीचा तुकडा अंथरतात. एकदा मालनबाईंनी त्यांना विचारलं होतं, "भुजंगभाऊ, मेल्यावर तरी पायरीवर ठिवताल का मला?"

"पेटी खालीच ठेवतेत, बाई. पाळकाची असली तरी."

"मंग बराबर. मेल्यावर तरी सारखं होतंय."

सगळे हसले. पाळकसाहेब त्या दिवशी नव्हते म्हणून जास्तच हसले.

बाईनं संदेश द्यावा, पोरांना शिकवावं, आजाऱ्याजवळ बसावं, बाप्तिस्म्याची तयारी करून घ्यावी. पण बाप्तिस्म्याच्या पाण्याला आणि प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावू नये. हा आमच्याकडचा नियम. लिहिलेला कुठे पाहिला नाही, पण पोरांनाही पाठ आहे.

मालनबाईंची एक गोष्ट आम्ही सगळ्या बायका ओळखून आहोत. कुणाकडे गेल्या आणि हातात पाण्याचा ग्लास दिला, तर त्या लगेच पीत नाहीत. आधी त्यात बघत राहतात. नव्या सुना विचारतात, पाण्यात काही पडलंय का? जुन्या बायका त्यांना डोळ्यांनी गप्प करतात. रस्त्यात पाणी दिसल्यावर रथ थांबवून बाप्तिस्मा मागणाऱ्या त्या हबशी अधिकाऱ्याची शास्त्रातली गोष्ट तर मालनबाई कधीच सांगत नाहीत. आधीचा अध्याय घेतात, नंतरचा घेतात. तो तेवढा मध्ये वगळतात.

ह्याचं कारण शिवकन्या.

शिवकन्या गावातल्या अंगदची बायको, तेव्हा चोवीस वर्षांची. स्वतःहून मंडळीत यायला लागली होती. वर्षभर मालनबाईंकडे शिकली. बाप्तिस्म्याचा दिवस दोनदा ठरला आणि दोन्ही वेळा पाळकसाहेबांचं येणं हुकलं. तेवढ्यात दिवस राहिले, म्हणून बाळंतपणानंतर बघू असं ठरलं. बाळंतपण घरीच झालं. पोरगी ठणठणीत, पण हिचा रक्तस्राव थांबेना. अंगद जीप आणायला पळाला. मी तेव्हा गावात नवीच सून, बाळ माझ्या मांडीवर होतं. मालनबाई तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन बसलेल्या.

शिवकन्या म्हणाली, "बाई, आता द्या बाप्तिस्मा."

"पाळकसाहेब येतील ना, पोरी."

"पाणी हाय की तुमच्या हातात."

मालनबाईंनी तिला दोन घोट पाजले. उरलेला तांब्या खाली ठेवला. मी ते बघत होते. "द्या ना बाई" असं मीही म्हणू शकले असते. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. जीप आली, आणि अंबडच्या अलीकडेच शिवकन्या गेली.

मातीच्या वेळी तेव्हाच्या पाळकांनी बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढलं. तिचं नाव नव्हतं. मंडळीच्या स्मशानभूमीला तारेचं कुंपण आहे. शिवकन्येचा खड्डा कुंपणाच्या बाहेर खणला, आतल्या शेवटच्या कबरीपासून सात-आठ पावलांवर. वर्षभरात अंगद पोरीला घेऊन गाव सोडून गेला. दरवर्षी पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, पहाटे आम्ही सगळे कबरींवर फुलं ठेवायला जातो. मालनबाई तारेखालून वाकून बाहेर जातात आणि बराच वेळ परत येत नाहीत.

चोवीस वर्षं झाली. "बेबीनंदा, ती येती," असं त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. "दुपारची. मी मशीनवर बसलेली असती, आन् ती दारात उभी. ओंजळ पुढं करून. चिडलेली न्हाई. वाट बघून राह्यल्यावानी." मी त्यांना प्रार्थना करा म्हणाले. घरी आले आणि स्वतःच्या दाराकडे पाठ करून बसायचं सोडून दिलं. अजूनही बसत नाही.

तर सोमवारी मी, प्रीती आणि मालनबाई दैवशालाबाईंकडे पोचलो. दैवशालाबाई रोजानं शेतात जाणाऱ्या. वीस वर्षं देवळात मागच्या भिंतीला टेकून बसायच्या. त्यांचाही बाप्तिस्मा राहिलेला. एकदा कापूस वेचणी, एकदा लेकीचं बाळंतपण, मग कोरोना. "माझा बाप्तिस्मा म्हंजी एसटी," असं त्याच म्हणायच्या. "मी फाट्यावर पोचले की निघून गेल्ती."

आता अंग हळदीसारखं पिवळं पडलेलं, पण जीभ तशीच.

"आल्या का बाई? शिवकन्येच्या शेजारी जागा धरली का माझी?"

मालनबाई त्यांच्या उशाशी बसल्या.

"मला बाहेर नगं," दैवशालाबाई म्हणाल्या. आता आवाजात थट्टा नव्हती. "आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर बसून भाकर खाल्ली. मेल्यावर तरी मला आत घ्या. एकटं लई भ्या वाटतं मला."

मालनबाईंनी मला पाळकसाहेबांना फोन लावायला सांगितला. ते सभेसाठी पुण्याला गेलेले. माणूस भला आहे, आमच्या तरुण पोरांसाठी खूप करतो. म्हणाले, "बाई, मी आज रात्रीच निघतो, उद्या सकाळी येतो. तोवर प्रार्थना करा. पाण्याचं वगैरे तुम्ही काही करू नका. मंडळीत वाद होईल आणि तुमचं बोलणं बंद करायची पाळी माझ्यावर येईल."

"बरं, साहेब," मालनबाई म्हणाल्या.

फोन मला परत दिला. प्रीतीनं नेहमीप्रमाणे पाण्याचा ग्लास आणून त्यांच्या हातात ठेवला होता. त्या त्यात बघत बसल्या. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, किका मारायचा आवाज येत होता. मालनबाईंनी मान वर करून दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. दारात कोणी नव्हतं. पण त्या ज्याच्याकडे बघत होत्या ते तिथेच होतं, एवढं मला कळलं.

या वेळी मी बोलले. म्हणाले, "द्या, बाई."

त्यांनी पदर डोक्यावर घेतला. दैवशालाबाईंना विचारायचं ते सगळं बरोबर विचारलं, काहीही गाळलं नाही. मग बोटं बुडवून तीनदा कपाळावर पाणी घातलं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही तिन्ही नावं घेतली. दैवशालाबाई म्हणाल्या, "थंडगार हाय की." मग डोळे मिटले. संध्याकाळी दिवे लागायच्या आत त्या गेल्या.

मंगळवारी सकाळी पाळकसाहेब आले. पेटी स्मशानभूमीच्या फाटकाशी थांबवली. त्यांनी हळूच विचारलं, "भुजंगभाऊ, खड्डा कुठे घेतलाय?"

"आत."

"कुणाला विचारून?"

"जमीन आत नरम हाय, साहेब," भुजंगभाऊ म्हणाले आणि खाली मान घालून फावड्याची माती खरवडत राहिले.

मालनबाई पुढे झाल्या. "तिचा बाप्तिस्मा झालाय. मी दिला. तुम्ही नगं म्हणाल्यावर दिला."

कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि लगेच बंद झाला. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. राग होता, पण त्याहून जास्त, हे आता मला निस्तरावं लागणार असा थकवा होता. ते म्हणाले, "रजिस्टरात मी लिहू शकत नाही, बाई. आणि पुढच्या रविवारपासून संदेश भुजंगभाऊ वाचतील. खड्डा झालाय तो झालाय. चला."

दैवशालाबाई आत गेल्या. म्हणजे आतल्या मातीत. मूठ मूठ माती टाकताना बायकांनी मालनबाईंसाठी वाट सोडली, पुरुषांनी सोडली नाही. तशाच त्या मधून गेल्या.

मला वाटलं होतं, आता ती यायची थांबेल. आज गुरुवारी मी त्यांच्याकडे गेले. मशीनवर एका बाहीची शिलाई अर्धी होती. पुढच्या रविवारचं मी काही काढलं नाही. त्यांनीच विषय काढला.

"बेबीनंदा, काल आल्ती."

"अजून?"

"आता बोलती. दैवशालाला घेतलं, मला कामून न्हाई, म्हणती. तेवढंच. मंग उभी राहती."

मेलेल्याचा बाप्तिस्मा होत नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. म्हणाले, "बाई, आता काय करणार? तिला तर आता पाणी देता येत न्हाई."

"पाणी न्हाई देता येत," मालनबाई म्हणाल्या. दाराकडे बघत त्यांनी सुई कापडातून काढून घेतली. "मी मोजलं सकाळी जाऊन. तिच्या पलीकडून तार घ्यायची तर चार खांब जास्ती लागतेत. कुंपण कुठून घ्यायचं, ह्याचा नियम मला तरी कोणी शिकवला न्हाई."

"पाळकसाहेबांना विचारलं?"

"त्यांना दिसंल की."

"आन् भुजंगभाऊ?"

"त्याला पहार आणायला सांगितली. हो म्हणाला न्हाई, न्हाई बी म्हणाला न्हाई. अंगदला बी फोन लावला जालन्याला. पोरगी बोलली. म्हणाली, मी येते."

मी निघाले तेव्हा त्यांनी उंबऱ्यावर पाणी शिंपडल्यासारखं काही केलं नाही, दार लावून घेतलं नाही, काहीच नाही. दार उघडंच ठेवून परत मशीनवर बसल्या, दाराकडे तोंड करून.

उद्या सकाळच्या एसटीनं मालनबाई अंबडला जाणार आहेत, काटेरी तार आणि सिमेंटचे चार खांब आणायला.